कुमाऊंच्या पायवाटांवर, रमतगमत

आमच्या घरी सहलीचा विषय नेहमी पावसाळ्यात निघतो. बाहेर सरी कोसळत असतात, स्वयंपाकघरात भजी तळली जात असतात आणि हे बैठकीत नकाशा पसरून बसलेले असतात. लग्नाला छत्तीस वर्षे झाली, पण या क्रमात खंड पडला नाही. कधी पचमढी, कधी कान्हा, कधी अमरकंटक. इंदूरला राहणाऱ्यांना ही ठिकाणे जवळची. मुलगी तीन वर्षांची असताना तिला खांद्यावर घेऊन यांनी पचमढीचा धूपगड चढला होता. ती कथा घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला अजून ऐकावी लागते.

मागच्या पावसाळ्यातही नकाशा उघडला, पण भज्यांचे ताट मध्ये नव्हते. त्याच्या दीड वर्ष आधी यांना हृदयविकाराचा झटका आला होता. वेळेवर इस्पितळात पोहोचलो, एक स्टेंट बसला आणि माणूस घरी आला. डॉक्टरांनी गोळ्यांची यादी दिली, तळलेले बंद केले आणि सांगितले, "चाला. रोज चाला. चालणे हेच तुमचे औषध आहे."

हे चालू लागले. रोज पहाटे कॉलनीच्या बागेत सहा फेऱ्या. सुरुवातीला मी सोबतीला म्हणून जात असे. खरे सांगायचे तर पाळत ठेवायला जात असे. हे पुढे आणि मी चार पावले मागे. यांचा हात छातीकडे जातो का, पाऊल अडखळते का, इकडे माझे सारे लक्ष. त्या बागेत कोणती फुले आहेत, हे मला आजही सांगता येणार नाही.

नकाशावर यांचे बोट केदारनाथवर टेकले होते. डॉक्टरांना विचारले, तर त्यांनी मान हलवली. साडेतीन हजार मीटरहून जास्त उंची आणि गौरीकुंडापासून सोळा किलोमीटरच्या वर चढ. "इतक्यात नको," एवढेच ते म्हणाले.

घरी परत येताना हे रिक्षात म्हणाले, "म्हणजे आता आम्ही कॉलनीच्या बागेतच फेऱ्या मारायच्या."

रागाने म्हणाले असते, तर मी उलट उत्तर दिले असते. पण हे अगदी शांतपणे म्हणाले, म्हणून मला ते जास्त लागले.

पुण्याहून मुलीचा फोन आला. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, "आई, बाबांना चढायला नाही, चालायला ने. एखादे सुंदर, शांत ठिकाण शोधा. तिथे राहा आणि रोज थोडेथोडे फिरा. शिखर नाही, दर्शनाची रांग नाही. नुसते चालायचे."

गंमत पाहा, इतकी वर्षे आम्ही हिंडलो, पण 'नुसते चालायला' कुठे जावे, याचा विचार कधी केलाच नव्हता.

जागा निवडायची कशी?

आपण सहल ठरवतो ती 'काय काय पाहायचे' याची यादी करून. चालण्याच्या सहलीला ती यादी उपयोगाची नाही. वहीचे कोरे पान घेऊन आम्ही दोघांनी पाच कसोट्या लिहून काढल्या. तुमच्या घरात वडीलधारी माणसे असतील, किंवा गुडघे कुरकुरू लागले असतील, तर या कसोट्या तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिली कसोटी उंचीची. साधारण अडीच हजार मीटरच्या वर गेले की विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. म्हणून मुक्काम त्याच्या खालीच हवा. पण फार खालीही नको, कारण हवा थंड हवी.

दुसरी, पायवाटेपासून गाडीचा रस्ता फार दूर नको. मध्येच थांबावेसे वाटले, तर थांबता आले पाहिजे. तिसरी, एका ठिकाणी किमान तीन रात्री मुक्काम. रोज सामान बांधायचे असेल, तर चालण्यातली मजा तिथेच संपते. चौथी, वाट गावांतून, शेतांतून जाणारी असावी. निव्वळ रानातली वाट सुंदर असली, तरी वाट चुकली तर विचारणार कोणाला? आणि पाचवी, माझी स्वतःची: मोठे इस्पितळ काही तासांच्या टप्प्यात असले पाहिजे.

मग एकेक नाव पुढे आले. महाबळेश्वरच्या जंगलातल्या वाटा आम्हाला प्रिय, पण सुट्टीच्या दिवसांत तिथे माणसांपेक्षा मोटारीच अधिक. कुर्ग देखणे खरे, पण तिथल्या कितीतरी वाटा खासगी कॉफीच्या मळ्यांतून जातात. परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. दार्जिलिंग इंदूरहून फार लांब. शेवटी बोट पुन्हा उत्तराखंडावर आले, पण या वेळी केदारनाथच्या पूर्वेला, कुमाऊंवर.

कुमाऊं म्हणजे नैनिताल, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण नैनिताल मागे टाकून पुढे गेले की मुक्तेश्वर, अल्मोडा, जागेश्वर, बिनसर, कौसानी अशी ठिकाणे लागतात. ही सारी साधारण सोळाशे ते चोवीसशे मीटरांच्या दरम्यान आहेत. समोर नंदादेवी आणि त्रिशूळ, खाली उतारावर कोरलेली शेते, आणि गावागावांना जोडणाऱ्या जुन्या पायवाटा. मोटारी येण्याआधी सारा कुमाऊं याच वाटांनी चालत होता. हल्दवानीत आणि अल्मोड्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पाचही कसोट्यांवर खूण झाली. दिवाळी आटोपून नोव्हेंबरच्या सुरुवातीला आम्ही निघालो.

पुण्याहून डोंगरावर गेलेली प्रयोगशाळा

दिल्लीहून रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी काठगोदाम येते. रेल्वे इथेच संपते. पुढे डोंगर सुरू होतो. 1884 पासून ही गाडी काठगोदामपर्यंत येते आहे. स्टेशनाबाहेर आम्ही एक टॅक्सी ठरवली. चालक पन्नाशीचे होते. कुमाऊंत थोरल्या भावाला 'दाज्यू' म्हणतात, हे त्यांनीच शिकवले आणि पुढचे दहा दिवस ते आमचे दाज्यूच झाले.

साठ-सत्तर किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता चढून दुपारी मुक्तेश्वरला पोहोचलो. उंची सुमारे 2286 मीटर. हजार मीटर वर गेले की तापमान साडेसहा अंशांनी उतरते, असे शाळेत शिकलो होतो. सव्वाचारशे मीटरवरच्या हल्दवानीपेक्षा इथे बारा अंश तरी कमी असणार, हे मग कागदावर मांडायची गरज पडली नाही. टॅक्सीतून उतरल्याबरोबर स्वेटर काढावे लागले.

मुक्तेश्वरला शिवाचे जुने देऊळ आहे आणि त्याच्या मागे 'चौली की जाली' नावाचे कडे आहेत. तिथून खालची दरी थेट पायांखाली दिसते. (मुले बरोबर असतील, तर हात सोडू नका. कड्याला कठडा नाही.) पण मला सर्वात नवल वाटले ते देवदार आणि बांजच्या झाडीत वसलेल्या जुन्या दगडी इमारतींचे. ही भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था. आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण ही संस्था मूळची पुण्याची. 1889 मध्ये पुण्यात 'इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' सुरू झाली. गुरांच्या साथीच्या रोगांचे जंतू भर वस्तीत हाताळणे धोक्याचे, शिवाय त्या कामाला थंड हवा सोयीची. म्हणून 1893 मध्ये ती इतक्या दूर, या निर्जन डोंगरावर आणली गेली. क्षयरोगाचे जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख 1897 मध्ये इथे येऊन गेले.

पूर्वी आपल्या खेड्यांत 'बुळकांडी' म्हटले की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येई. एका साथीत गोठेच्या गोठे रिकामे होत. त्या रोगाशी भारतात जो दीर्घ लढा झाला, त्यातला मोठा भाग या डोंगरावर लढला गेला. 2006 मध्ये भारत बुळकांडीमुक्त जाहीर झाला आणि 2011 मध्ये सारे जग. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून समूळ नाहीसा झालेला हा दुसराच रोग. माझ्या आजोळी बुळकांडीत दोन बैल गेल्याची गोष्ट आजी सांगत असे. त्या इमारतींसमोर उभी असताना मला ती आठवली.

मुक्तेश्वरला आम्ही रोज दोनदा चाललो. सकाळी न्याहारीनंतर दोन तास, दुपारी चहाआधी तासभर. सफरचंद आणि आडूच्या बागांमधून जाणारी वाट, मध्येच एखादे घर, अंगणात वाळत घातलेल्या लाल मिरच्या, पाटीच्या दगडांच्या छपरावर ओळीने मांडलेले भोपळे. आपण कुणाच्या अंगणातून चाललो की ते अंगण आपल्याला थांबवते. "कुठून आलात? चहा घ्या." पहिल्या दिवशी आम्ही 'नको नको' म्हणालो. दुसऱ्या दिवशी बसलो. तिसऱ्या दिवशी त्या घरच्या वहिनींनी आम्हाला लांबून ओळखले.

आणि मी? मी चार पावले मागे होते. समोर त्रिशूळ पांढराशुभ्र उभा होता आणि मी यांच्या पाठीकडे बघत होते.

ओळखीची भाकरी, ओळखीचे नाव

मुक्तेश्वरहून अल्मोडा आणि अल्मोड्याहून सुमारे पस्तीस किलोमीटरवर जागेश्वर. वाटेत चितईला गोलू देवतेचे देऊळ लागते. तिथे लोक देवाला अर्ज लिहून टांगतात. काही जण तर चक्क मुद्रांकाच्या कागदावर. मनासारखा निकाल लागला की घंटा बांधायची. लहान, मोठ्या, गंजलेल्या, नव्या कोऱ्या अशा हजारो घंटा तिथे आहेत. हे हसून म्हणाले, "तूही एक अर्ज लिही." मी हसले नाही. मी मनातल्या मनात लिहिलाच होता.

जागेश्वरला एका कुटुंबाच्या घरी दोन खोल्या होत्या, त्यांतली एक आम्हाला मिळाली. रात्री चुलीशेजारी जेवण. ताटात काळसर भाकरी आली आणि मी पहिल्या घासातच ओळखली: नाचणी! तिकडे तिला मडुवा म्हणतात. सोबत 'गहत'ची डाळ होती, म्हणजे आपले कुळीथ. कोकणातली माझी आई थंडीत हेच जेवण वाढत असे: नाचणीची भाकरी आणि कुळथाचे पिठले. दोन हजार किलोमीटरवर, बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याशी तीच दोन धान्ये. उताराच्या जमिनीत आणि कमी पाण्यात तग धरणारी धान्ये ही, म्हणून डोंगरातला माणूस कुठलाही असो, तीच पेरतो.

यजमानांना आम्ही मराठी असल्याचे कळले, तेव्हा ते म्हणाले, "मग आमचे पंत तुमचेच." कुमाऊंतली पंत घराणी मूळची महाराष्ट्रातली, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. अल्मोड्याजवळच्या खूंट गावी जन्मलेले, देशाचे गृहमंत्री झालेले गोविंद वल्लभ पंत याच पंतांपैकी. हिंदी कवी सुमित्रानंदन पंत यांचा जन्म 1900 मध्ये जवळच्याच कौसानीत झाला. त्याच कौसानीत 1929 मध्ये गांधीजी काही दिवस राहिले होते. ते राहिले त्या जागी आज अनासक्ती आश्रम आहे.

जागेश्वरचा परिसर म्हणजे देवदारांनी भरलेली एक अरुंद दरी. मधून जटागंगेचा ओढा वाहतो आणि त्याच्या काठी लहानमोठी सव्वाशेच्या आसपास देवळे दाटीने उभी आहेत. सर्वात जुनी सातव्या-आठव्या शतकातली मानतात. इथले लोक याच जागेश्वराला बारा ज्योतिर्लिंगांपैकी नागेश मानतात. आपण मराठी माणसे औंढ्या नागनाथाला मानतो आणि गुजरातेत द्वारकेजवळचा नागेश्वर आहे. यजमानांनी हा वाद एका वाक्यात मिटवला, "देव एकच आहे. ज्याला जिथे चालत जाता येईल, तिथे त्याचा."

अर्ध्यातून परतलेली वाट

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, "वृद्ध जागेश्वरला चालत जाऊ या."

वृद्ध जागेश्वर हे जुने देऊळ वरच्या डोंगराच्या धारेवर आहे. तिथून हिमालयाची रांग दिसते. गाडीचा रस्ता वळसा घालून जातो. पायवाट मात्र देवळांच्या मागून झाडीत शिरते आणि सरळ वर चढते. दाज्यू गाडी घेऊन वर थांबणार, आम्ही चालत जाणार असे ठरले.

चालण्यासाठी वेळ किती लागेल, याचा एक जुना हिशेब आहे. 1892 मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो मांडला. सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे सहा किलोमीटरची वाट आणि 300 मीटर चढ असेल, तर पाऊणेदोन तासांच्या आत. पण हा हिशेब धडधाकट तरुणांचा. आमच्यासारख्यांनी त्याची सरळ दुप्पट करावी, त्यात फोटो आणि चहा वेगळा धरावा. यांनी दुप्पट केली नव्हती.

डॉक्टरांनी आणखी एक साधी खूण सांगितली होती: चालताना बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटू लागले, तर वेग कमी करा. तरीही तुटले, तर थांबा. हे मोठे बोलके गृहस्थ. पहिला अर्धा तास धूपगडाची कथा पुन्हा एकदा झाली. मग वाक्ये लहान झाली. मग नुसते 'हं'. मग तेही नाही. समोरची पाठ घामाने भिजली होती.

"अहो, थांबा."

"थोडेच राहिले आहे."

"अहो, थांबा म्हणते ना!"

हे थांबले, पण माझ्याकडे वळले नाहीत. एका दगडावर बसले. छातीत दुखत नव्हते, हात जड झाला नव्हता, फक्त श्वास पुरत नव्हता. मी गोळीची डबी हातात धरून उभी होते. त्या पाच मिनिटांत देवदारांमधून वाहणाऱ्या वाऱ्याखेरीज दुसरा आवाज नव्हता.

तेवढ्यात वरून गवताचा एक भारा खाली येताना दिसला. भाऱ्याखाली सत्तरीच्या आजीबाई होत्या. कुमाऊंत आजीला 'आमा' म्हणतात. हिवाळ्यापूर्वी गवत कापून ठेवायचे दिवस होते ते; डोंगरात हे काम बायकाच करतात. आमांनी शेजारच्या उंच दगडावर भारा टेकवला आणि आमच्यासारख्याच दम खात बसल्या. आमच्या चेहऱ्यांकडे पाहून काय ते त्यांना कळले असावे. म्हणाल्या, "मी तर प्रत्येक वळणावर बसते. घाई शहरातल्या माणसांना."

त्यांचे घर वरच्या वाडीत होते. एक मुलगा हल्दवानीत, एक दिल्लीत. "पूर्वी आमच्याकडे सात चुली पेटायच्या," त्या म्हणाल्या, "आता दोन." बाकीच्या घरांना कुलपे. पुढे येताना वाटेत आम्ही अशी कितीतरी कुलपे पाहिली. कोरीव लाकडी दारे, अंगणात कमरेएवढे गवत. 2011 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या वाढली, पण अल्मोडा आणि पौडी या जिल्ह्यांची आधीच्या दहा वर्षांच्या मानाने कमी झाली होती. आपण सुंदर म्हणून ज्या वाटांनी चालतो, त्या वाटांनी रोज चालणारी माणसे कमी होत चालली आहेत. पाहुण्यांसाठी एक खोली सारवून ठेवणाऱ्या घराला म्हणूनच मोल आहे. त्या खोलीमुळे एखादी चूल पेटती राहते.

आमा भारा उचलून खाली निघाल्या. हे उठले. वर पाहिले. देऊळ दिसत नव्हते, नुसती वाट दिसत होती. मग हे काही न बोलता खाली वळले.

दाज्यूंना फोन करून खाली बोलावले. "साहेब, गाडीने नेतो ना वर, वीस मिनिटांचे काम," ते म्हणाले. हे नको म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत यांनी माझ्याशी चार शब्दही बोलले नाहीत. आरतीला गेलो, परत आलो, जेवलो. रात्री दिवा घालवल्यावर अंधारात हे म्हणाले, "मी परत वळलो, त्याचे मला काही वाटत नाही. पण तू मागे चालतेस ना, त्याचे वाटते. दोन वर्षे होत आली, माझ्या पाठीवर तुझे डोळे आहेत. माझा श्वास मी मोजतो. तू डोंगर बघ."

मला उत्तर सुचले नाही. खिडकीबाहेर ओढ्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने मी म्हटले, "मग दमल्यावर स्वतः थांबाल?"

"आज थांबलोच की."

"मी ओरडल्यावर."

थोडा वेळ शांतता. मग हे म्हणाले, "बरं. आपण होऊन थांबेन."

बिनसरचे रान

शेवटचा मुक्काम बिनसर. अल्मोड्याहून तासा-दीड तासाचा रस्ता. चंद राजांची ही उन्हाळ्यातली राहण्याची जागा होती. 1988 पासून हे अभयारण्य आहे. बांज म्हणजे डोंगरी ओक, बुरांस आणि त्यांच्या फांद्यांवर लोंबणारी दगडफुलांची जाळी. बुरांस मार्च-एप्रिलमध्ये फुलतो, तेव्हा रान लाल होते असे सांगतात. आम्हाला फक्त हिरवे पाहायला मिळाले, पण हवा इतकी स्वच्छ की नंदादेवीच्या कड्यांवरच्या सावल्याही दिसत होत्या.

वर येताना मात्र चीडच्या काही उतारांवर काळवंडलेले बुंधे दिसले. 2024 च्या जूनमध्ये इथे वणवा पेटला होता. तो विझवायला गेलेल्या पथकातले चौघे त्याच दिवशी होरपळून गेले. चीडची वाळलेली पाने, ज्यांना तिकडे 'पिरूल' म्हणतात, उन्हाळ्यात बारुदासारखी पेटतात. बांजच्या रानात ओल टिकते, झरे टिकतात. चीडच्या रानात नाही. म्हणून गावातल्या बायका बांजची झाडे जिवापाड जपतात, असे दाज्यूंनी सांगितले. या रानात पाहुण्याने विडीकाडी पेटवू नये, हे सांगायला नकोच.

विश्रामगृहाजवळून 'झिरो पॉइंट'ला वाट जाते. उंची साधारण 2400 मीटर, पण चढ सौम्य आणि वाट रुंद. जायला एक तास धरला होता, आम्ही दीड घेतला. निघताना हे बाजूला झाले आणि हाताने मला पुढे जायची खूण केली.

मी पुढे चालू लागले. पहिली दहा मिनिटे माझे सारे लक्ष कानांत होते. मागे वाळल्या पानांवर काठी टेकल्याचा आवाज, मग पाऊल, मग काठी. एकदा तो थांबला. माझेही पाय थांबले, पण मी मान वळवली नाही. "दम घेतोय, चल तू," मागून आवाज आला. थोड्या वेळाने काठी पुन्हा वाजू लागली.

मग हळूहळू मला रान दिसू लागले. एका फांदीवर लांब शेपटीचा निळा पक्षी बसला होता. काळ्या तोंडाची वानरे बांजची फळे खाली टाकत होती. शेवाळ किती प्रकारचे हिरवे असते, हे मी पहिल्यांदाच पाहिले.

वर मचाणाशी पोहोचलो, तेव्हा त्रिशूळ, नंदादेवी, नंदाकोट आणि दूर उजवीकडे पंचाचुली, सारी रांग उघडी होती. हे सहा-सात मिनिटांनी आले. बसले, पाणी प्यायले आणि धूपगडाची कथा सुरू केली. वाक्ये पूर्ण होत होती.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

ऋतू: ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर शिखरे सर्वात स्पष्ट दिसतात. रात्री मात्र कडाक्याची थंडी. मार्च-एप्रिल फुलांसाठी चांगले. मे-जूनमध्ये धुरकट हवा आणि वणव्यांचा धोका, तर जुलै ते सप्टेंबर दरडी कोसळतात आणि पायवाटांवर जळवा असतात. ते महिने टाळावेत.

प्रवास: दिल्लीहून काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढे टॅक्सी किंवा सामायिक जीप. वळणांचा त्रास होणाऱ्यांनी गाडीत पुढे बसावे आणि निघण्याआधी हलके खावे.

मुक्काम: कुमाऊं मंडल विकास निगमची पर्यटक विश्रामगृहे बऱ्याच ठिकाणी आहेत. गावांतली घरगुती निवासस्थाने साधी पण ऊबदार असतात. आरक्षण आधी करावे आणि गरम पाणी, पाश्चात्य पद्धतीचा संडास, अंगणापर्यंत गाडी येते का, हे वडीलधाऱ्यांसाठी आधीच विचारून घ्यावे.

चालताना: तळव्याला खाचा असलेले बूट घ्या, आणि ते घरी महिनाभर वापरून मगच न्या. पिरूलवरून पाय सटकतो, म्हणून काठी हवी. चढापेक्षा उतार गुडघ्यांना जास्त छळतो. उतरताना लहान पावले टाका. पाणी, गूळ-शेंगदाणे, टोपी, शिटी आणि स्वतःची औषधे खिशात ठेवा, सामानात नव्हे. कुमाऊंत बिबटे आहेत, तेव्हा दिवेलागणीच्या आत मुक्कामी परतावे. बिनसरला अभयारण्याचा प्रवेश-परवाना लागतो.

प्रकृती: हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच निघावे. घरी किमान दोन महिने रोज चालण्याची सवय असावी. छातीत दुखणे, चक्कर, घाम सुटून अस्वस्थ वाटणे यांपैकी काहीही झाले, तर चालणे तिथेच थांबवून तातडीने इस्पितळ गाठावे. पहिल्या दोन दिवसांत तासाभरापेक्षा जास्त चालू नये.

येताना अल्मोड्याच्या बाजारातून बाल मिठाई घेतली. खव्याची तपकिरी वडी आणि तिला चिकटलेले साखरेचे पांढरे दाणे. यांना एकच तुकडा मिळाला, उरलेली शेजारीपाजारी वाटली.

आता पुन्हा आमच्या बागेतल्या सहा फेऱ्या सुरू झाल्या आहेत. हल्ली मी पुढे असते आणि हे मागे. उत्तरेच्या कोपऱ्यात प्राजक्ताचे झाड आहे, हे मला परवा कळले. हे म्हणाले, "अगं, ते तर दहा वर्षांपासून आहे."